टोपीवाल्या अक्षराची घंटा

मला फक्त बारा फूट गडगा, म्हणजे चिऱ्यांचं कुंपण, घालायचा होता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण गावात आता असं बोललं जातं की मास्तराने मुद्दाम खाडीकाठ उकरला आणि नसती ब्याद घरात आणली. छत्तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या माणसाला खाडीकाठ उकरून काय मिळतं ते चांगलं ठाऊक असतं. चिखल मिळतो. शेजारच्या परशुरामाची म्हैस रोज आमच्या भेंडीत शिरायची, आणि तक्रार केली की परशुराम म्हणायचा, "सर, मुक्या जनावराक हद्द कळता काय?" म्हणून मी चिरे मागवले, चार गडी लावले आणि पाया खणायला घेतला. दुसऱ्याच दिवशी पहार ठण्णकन वाजली.

निघाली ती घंटा. कळशीएवढी, पितळेची, आत लोळा नसलेली. बोटीवर टांगतात तशी. कडेने कधीतरी नाव कोरलेलं होतं, पण चिखलाने आणि खाऱ्या पाण्याने ते पार खाऊन टाकलं होतं. एकच अक्षर शिल्लक होतं. इंग्रजी ए, आणि त्याच्या डोक्यावर घराच्या पाख्यांसारखी दोन तिरक्या रेघांची टोपी. असं: Â.

"फिरंग्याची," परशुराम म्हणाला. आमच्याकडे जमिनीतून काहीही निघालं की ते फिरंग्याचं असतं, आणि आजारपण निघालं तर ते देवचाराचं, म्हणजे इथल्या भुताचं. "सर, परत पुरून टाका. आणि म्हशीक येवंदे."

इथेच मी ऐकायला हवं होतं. पण मी पडलो कायद्याचा माणूस. जमिनीत सापडलेली वस्तू सरकारला कळवावी हे मी नागरिकशास्त्राच्या तासाला (तो तास कोणी घेत नसे म्हणून माझ्या गळ्यात पडलेला) वर्षानुवर्षं पोरांना सांगितलेलं. आता वेळ आल्यावर आपणच मागे फिरायचं? मी रिक्षा केली आणि पोलिसांकडे गेलो. त्यांनी येऊन पंचनामा केला, चार फोटो काढले, आमच्या अक्काच्या हातचे घावणे खाल्ले आणि ठेवायला जागा नाही म्हणून घंटा माझ्याच ताब्यात देऊन माझी सही घेतली. "सर, आता ही सरकारी मुद्देमाल हां," हवालदार म्हणाला. "हरवली तर जबाबदारी तुमची." म्हणजे वस्तू सरकारची, घोर माझा. घंटा पडवीत वाशाला आकड्याने टांगली.

पुढचा कागद तालुक्याच्या एका कार्यालयात द्यायचा होता. त्याचं नाव मी घेणार नाही, मला अजून तिथे जायचं असतं. तिथे सलोनी नावाची मुलगी संगणकावर बसते. माझ्याच शाळेची, भूगोलात पस्तीसवर सुटलेली. तिने अर्ज वाचला आणि म्हणाली, "सर, मूळ देश?"

"तेच तर शोधायचं आहे."

"रकाना रिकामा ठेवला तर सिस्टम पुढे जात नाही, सर. देश घाला आणि आधार जोडा." मग जरा मायेने म्हणाली, "पोर्तुगाल टाकू?"

"आधार काय?"

"परशुराम काका म्हणतात ना."

भूगोलात पस्तीस का पडले ते मला तेव्हा नीट कळलं. पण त्याने माझा स्वाभिमान डिवचला गेला. जगातला कुठला देश कुठे आहे हे ज्याने या तालुक्याच्या दोन पिढ्यांना शिकवलं, त्याला एका अक्षराचा देश सापडू नये? मी तिला म्हटलं, आठ दिवसांत आणून देतो.

माझ्या बायकोचा, शर्मिष्ठेचा भाचा सुदेश मालवाहू जहाजावर आहे. त्या जहाजावर साऱ्या जगातली माणसं एका मेसमध्ये जेवतात. मी त्याला फोटो पाठवला आणि लिहिलं, हे अक्षर तुमच्यात कोण वापरतं ते विचार, आणि त्यांच्याच तोंडून म्हणवून आवाज पाठव. पोरगा गुणी. दुसऱ्या दिवशी मोबाईलवर एकामागून एक आवाज येऊन पडले.

पहिला ब्राझीलचा आचारी. त्यांची भाषा पोर्तुगीजच. तो म्हणाला, टोपी असली की तोंड अर्धं मिटून म्हणायचं, आणि उदाहरण म्हणून दिव्याचा शब्द म्हणून दाखवला. दुसरा रोमानियाचा अधिकारी. त्याच्या तर देशाच्या नावातच हे अक्षर बसलेलं, पण उच्चार असा की कोणीतरी पोटात गुद्दा मारल्यासारखा आवाज घशातून निघतो. तिसरा व्हिएतनामचा. तो छोटासा, तुटका 'अ' म्हणाला, आणि सांगितलं की आम्ही या टोपीवर सुराची आणखी एक खूण चढवतो, ती बदलली की शब्द बदलतो. चौथा तुर्की. त्याची टोपी स्वतःपेक्षा आधीच्या अक्षरालाच मऊ करते. त्याने शब्द सांगितला तो आपल्या 'कागदा'चा सख्खा भाऊ निघाला. इतक्या लांब जाऊन पाहिलं तर तिथेही कागदच.

मी चारही देशांची माहिती फुलस्केपवर लिहून सलोनीला नेऊन दिली. तिने वाचली. "सर, चार देश झाले. रकाना एकच आहे."

आता अक्काबद्दल सांगायला हवं. अक्का माझी थोरली बहीण, वय पंचाहत्तर. तिला कुकरची शिट्टी ऐकू येत नाही, दाराची कडी ऐकू येत नाही, शर्मिष्ठेने तर तिला काही सांगायचं असलं की पदर ओढायची पद्धत पाडली आहे. त्र्याहत्तर साली आमचे भावोजी परदेशी बोटीवर नोकरीला गेले. आमच्याच घरी निरोप घेऊन, आमच्याच खालच्या धक्क्यावरून तिन्हीसांजेला होडीत बसले. पुढे चार महिन्यांनी कंपनीचं पत्र आलं, माणूस बेपत्ता. अक्काने कुंकू पुसलं नाही. कोणी पुसायला सांगितलंही नाही, कारण बेपत्ता म्हणजे काय हे कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं.

भावोजी तिला नावाने हाक मारत नसत. त्या काळी कोण मारत होतं? घरोघरी प्रत्येकाचा आपला एक आवाज असे. कोणी खाकरे, कोणी 'गो' म्हणे, भावोजी एक असा काही स्वर काढत की तो अ नव्हे, आ नव्हे आणि ऑ पण नव्हे. मी भूगोलाचा माणूस, मला तो लिहून दाखवता येणार नाही. त्या दिवशी होडीतून त्यांनी त्याच आवाजात दोनदा हाक मारली. पण आमच्याकडे दिवेलागणीच्या हाकेला तिसऱ्या खेपेशिवाय ओ देत नाहीत. भुताला दोनपर्यंतच येतं म्हणतात, तिसरी हाक फक्त माणूस मारतो. अक्का ओ देणार होती, तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, तिसरी येऊ दे. तिसरी आली नाही. होडी वळणाआड गेली.

घंटा टांगल्याच्या पाचव्या दिवशी शर्मिष्ठा तुळशीकडे दिवा घेऊन निघाली आणि घंटेतून आवाज आला. वाजली असं मी म्हणणार नाही, लोळाच नाही तर वाजेल कशाने? ती घुमली. एकदा, आणि जरा वेळाने पुन्हा एकदा. तोंड अर्धं मिटलेला, घशातून आलेला, तुटका आणि तरी मऊ, चारही देशांचा थोडाथोडा आणि कुठलाच नाही असा स्वर. मी म्हटलं, वारा. माडाचं झावळही हलत नव्हतं. मी म्हटलं, भरती, पाण्याने हवा दाबली जाते. पण भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा सरकते, आणि हा आवाज दुसऱ्या दिवशीही बरोबर दिवा लावतानाच आला. तिसऱ्या दिवशीही. चंद्राला न जुमानणारी भरती मी कधी शिकवलेली नाही, त्यामुळे मला भीतीच्या आधी राग आला.

आणि कुकर ऐकू न येणारी अक्का पहिल्याच दिवशी आतून भिंत धरून पडवीत येऊन उभी राहिली.

"कोणाचो आवाज रे बाबल्या?" घरात मला बाबल म्हणतात. हे गावाबाहेर कोणाला माहीत नव्हतं, आता झालं.

"कोणाचो नाय. वारो."

रात्री जेवताना ती म्हणाली, "तुझ्या मोबाईलातली माणसां माका आयकव." मी एकेक आवाज तिच्या कानाशी धरला. ब्राझीलवाल्याला तिने मान हलवली. "ह्यो न्हय." रोमानिया, "ह्यो न्हय." व्हिएतनाम, तुर्कस्तान, न्हय, न्हय. पाचवा आवाज लागला तसा तिने माझा हात घट्ट धरला. "ह्यो," म्हणाली आणि ताट तसंच ठेवून उठली.

मी सुदेशला विचारलं, पाचवा माणूस कुठल्या देशाचा? त्याचं उत्तर सकाळी आलं. "काका, मी चारच पाठवले होते."

मोबाईलात पाहिलं तर चारच होते.

शर्मिष्ठा म्हणाली, "उद्याच्या उद्या घंटा पोलिसांना परत द्या." हवालदार म्हणाला, देश आल्याशिवाय घेता येणार नाही. सलोनी म्हणाली, देश आल्याशिवाय पुढे सरकणार नाही. मग परशुराम म्हणाला, "सर, सरकार रवांदे. गाऱ्हाणा घालूया."

परशुराम आमच्या वाडीचं गाऱ्हाणं घालतो. म्हणजे काही अडलं की देवापुढे, राखणदारापुढे नारळ ठेवून खणखणीत आवाजात सगळी हकीकत सांगायची, मागणं मागायचं, आणि जमलेल्यांनी दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. माणूस गळ्याचा मोकळा आहे, पण शब्दांचा फार सढळ. विहिरीला पाणी लागावं म्हणून सांगितलं तर सगळ्या गावाला पाणी मागतो, आणि त्या वर्षी पूर येतो. हे मला माहीत होतं. तरी मी नारळ, विडा आणि विडीचं बंडल आणलं. गडग्याचे चार गडी, शर्मिष्ठा, अक्का, मी, सगळे पडवीत हात जोडून उभे राहिलो.

"बा राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या मास्तराच्या पडवेर परमुलखातली घंटा येवन टांगली हा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ती कोणाची, खंयची, तां तुका म्हायत, आमका म्हायत नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तर ह्या घरात जेचा जा काय आसात, तां तेणा येवन सुखरूप घेवन जावचा, आणि ह्या लेकराक तरास देवचो नाय, अशी किरपा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. गाऱ्हाण्यात माणूस ऐकत नाही, नुसता होकार देतो. लहानपणापासून तोंडाला ती सवय असते.

विडी ओढत परशुराम घरी गेला. मी चहा पीत बसलो आणि अर्ध्या कपावर माझ्या डोक्यात उजेड पडला. 'ही घंटा जेची आसात' असं म्हणायला हवं होतं. तो म्हणाला होता 'ह्या घरात जेचा जा काय', म्हणजे या घरातलं ज्याचं जे काही असेल ते सगळं. अर्जात मी असला ढिला शब्द खपवून घेतला नसता. मुलांच्या पेपरात तर लाल रेघ ओढली असती.

दुसऱ्या सकाळी माळ्यावरची भावोजींची मुठीची छत्री दिसेना. पन्नास वर्षं ती तिथे होती, कोणी हात लावत नसे. छत्रीच्या जागी माळ्याच्या फळीवर ओल होती. मी कौलं तपासली. गळत नव्हती. तिसऱ्या दिवशी त्यांचा अडकित्ता गेला. मग त्यांचे काळे बूट, जे पेटीत कुलुपात होते. कुलूप तसंच, आत बुटांच्या आकाराचे दोन ओले डाग. शर्मिष्ठा म्हणाली उंदीर. मी म्हटलं, उंदीर जोडीने बूट घालून गेला काय?

चौथ्या दिवशी मधल्या खोलीतला लग्नाचा फोटो. तो गेला नाही, खिळ्यालाच होता, फक्त काचेच्या आतून दव धरलं होतं. मी काच काढून पंच्याने पुसली. फोटोत अक्का बनारसी नेसून, डोळे विस्फारून, एकटीच उभी होती. शेजारच्या खुर्चीवर कोणी नव्हतं. खुर्चीची वेतकाम केलेली पाठ, जी मी आयुष्यात कधी पाहिली नव्हती, स्पष्ट दिसत होती.

मी परशुरामाला खेचतच आणलं. त्याने फोटो पाहिला, टोपी काढली, परत घातली. "तेचा तां तेणा न्हेल्यान," म्हणाला. "गाऱ्हाणा लागू पडला, सर."

"मेल्या, अभिनंदन काय करतंस! ह्या घरात तेचा आता काय रवला, सांग!"

तो उत्तर द्यायला तोंड उघडत होता, आणि दोघांनीही एकदमच मागल्या दाराकडे बघितलं. अक्का नारळ खवत बसली होती. गळ्यात भावोजींनी घातलेलं मंगळसूत्र होतं.

विनोद बाजूला ठेवून सांगतो, मला आई गेल्यापासून या बाईनेच वाढवलं आहे. माझ्या परीक्षांना ती मारुतीला प्रदक्षिणा घालायची, माझ्या लग्नात तिनेच मला अक्षता पडेपर्यंत रडू दिलं नाही. मला अक्का घरात हवी होती. बास.

"गाऱ्हाणा परत घे," मी म्हटलं.

परशुरामाने कान धरले. "घेवक येता, सर. पण व्हय म्हणणारी सगळी माणसां होयी. येक कमी चलना नाय." कार्यालयात सहीदार लागतात, इथे होकारदार. मी चार गड्यांना फोन लावले. गडगा पुरा करून दोघे गोव्यात कामाला गेलेले, एक वालावलीला सासुरवाडीत, एक सावंतवाडीत. सावंतवाडीवाला म्हणाला, "सर, मी व्हय म्हटलंय तां सवयीन. आयकूक नव्हतंय." मी म्हटलं, मीही नव्हतो ऐकत, पण तू ये. फोनवरून 'व्हय' चालेल का, असं मी परशुरामाला विचारलं. त्याने देवळात जाऊन कौल लावला, देवाने डावीकडची कळी दिली. म्हणजे नाही. मग मी रिक्षेचं भाडं कबूल करून चौघांनाही शनिवारची वेळ दिली आणि अक्काला सांगायला गेलो.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. "मी येवचंय नाय."

"अगो पण तू व्हय म्हटलेलंस! तुझ्याशिवाय फिरना नाय!"

"म्हटलंय तां आयकान म्हटलंय," अक्का म्हणाली. "तुमच्यासारखा न्हय."

शनिवार उजाडायच्या आत शुक्रवार आला. त्या दिवशी अक्का दुपारीच न्हाली. कपाटातून चॉकलेटी साडी काढली, जी ती कोणाच्या लग्नालाही नेसत नाही. दिवेलागणीच्या आधी पायरीवर येऊन बसली, शेजारी कापडी पिशवी.

"खंय चललंस?" मी विचारलं. माझा आवाज लहान पोराचा निघाला.

"खंय नाय. बसलंय. जाग्यावरसून ओ देवची, येवढाच रवला हा माझा. तेच्या पुढचा तेका म्हायत."

शर्मिष्ठा तुळशीकडे वळली. वाशाला टांगलेली घंटा घुमली. एक. थोड्या वेळाने, दोन. खाडीवर एकही होडी नव्हती, पाणी काळं आणि स्तब्ध. रोज इथे संपायचं. मी श्वास सोडला.

आणि तिसरी हाक आली.

ती घंटेतून आली नाही. खालून आली, नव्या गडग्याच्या पलीकडून, धक्क्यावरून. अक्काचे ओठ उघडले. पन्नास वर्षं धरून ठेवलेला शब्द चटकन कसा निघेल? तिने आवंढा गिळला, छाती भरून घेतली, आणि तेवढ्या वेळात मी उठून कठडा धरून ओरडलो, "ओऽऽ! काय आसा? कोण होया तुका?"

घाबरलो की मी मालवणीत येतो. परशुरामाची म्हैस हंबरून दावं तोडून पळाली. मग सगळं गप्प झालं, रातकिडेसुद्धा. पुन्हा काही आलं नाही.

अक्का माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. असतं तर बरं झालं असतं.

"तेव्हा तूच म्हणालंस, 'अक्का, तिसरी येवंदे,'" ती म्हणाली. "आता तिसरी इली, तर ओ पण तूच दिलंस. माझ्या वाटणेक काय रवला रे, बाबल्या?"

हो. ते 'कोणीतरी' म्हणजे मीच. पंधरा वर्षांचा होतो, आणि तेव्हाही मला सगळे नियम पाठ होते.

सकाळी घंटा आकड्यावर नव्हती. खाली जमिनीवर पाणी होतं, मी बोट लावून चाखलं, खारट. माझ्या बारा फुटी गडग्यात मधोमध माणूस जाईल एवढी वाट पडली होती. चिरे पडलेले नव्हते, एकावर एक नीट रचून बाजूला ठेवलेले होते. त्या वाटेने म्हैस आजतागायत आलेली नाही, एवढाच काय तो मूळ कामाचा फायदा.

अक्काच येणार नव्हती, तेव्हा शनिवारसाठी बोलावलेल्या चौघा गड्यांना मी फोनवरच नको म्हणून सांगितलं. सरकारी मुद्देमाल गेला म्हणून मला आता बेड्या पडणार, या तयारीने सोमवारी मी टॉवेल आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन तालुक्याला गेलो. सलोनीला म्हटलं, घंटा ज्याची होती तो घेऊन गेला.

"कुठल्या देशाचा होता, सर?"

"सांगता येत नाही."

तिने यादी खाली खाली सरकवली. "सर, इथे सगळ्यात शेवटी 'इतर' असं आहे. टाकू?"

"हे पहिल्यापासून होतं?"

"हो, पण तुम्ही इतक्या मेहनतीने शोधत होता ना, म्हणून मी काही बोलले नाही." तिने 'इतर' टाकलं, सिस्टम पुढे गेली, आणि प्रकरण बंद झालं. भूगोलात तिला पस्तीस मी दिले होते. आता वाटतं, चाळीस द्यायला हवे होते.

घरी अक्का माझ्याशी बोलेना. भात वाढायची, आमटी वाढायची, निरोप शर्मिष्ठेमार्फत. "तेका सांग, मीठ लागता तर घे." मी दोन हात अंतरावर बसलेला. असे आठ दिवस गेले. चिडली असती, शिव्या घातल्या असत्या, तर मी सोसलं असतं. माझ्या मनाला एकच टोचत होतं, मी तिला वाचवलं की लुटलं? अजून ठरत नाही.

नवव्या दिवशी ती पायरीवर बसली होती, मी पडवीत आरामखुर्चीत. दिवा लागला, आणि गडग्यातल्या वाटेच्या पलीकडून हाक आली. घंटा नसताना. मी मनाशी पक्कं केलं, आज जीव गेला तरी तोंड उघडायचं नाही, हिची हिला देऊ दे. तोंडावर हात दाबून धरला. पण अक्काने ओ देण्याची तयारी केली नाही. मान तिरकी करून ती ऐकत राहिली. आवाज तोच होता, पण जरा आखूड, शेवटी प्रश्न विचारल्यासारखा.

"ही माका न्हय," ती म्हणाली. आठ दिवसांत पहिल्यांदाच थेट माझ्याशी.

"मगे कोणाक?"

"तुका."

"माका? माझो काय संबंध? मी साधो गडगो घालूक गेललंय!"

"ओ कोणी दिल्यान?"

दुसरी हाक आली. आणि माझ्या घशातून ओ आपोआप वर यायला लागली. छत्तीस वर्षं हजेरी घेतलेला माणूस मी, हाक आली की उत्तर द्यायचं हे हाडात भिनलेलं. दात आवळले तरी ती जिभेवर येऊन बसली. तेव्हा मला कळलं अक्काने आयुष्यभर काय धरून ठेवलं होतं ते. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

अक्का उठली. गुडघे धरत पडवीत आली, माझ्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली आणि माझं मनगट बांगड्यांच्या हाताने घट्ट धरलं.

"गिळ," म्हणाली. "गिळ ती. पयलो म्हयनो जड जाता. मगे सवय होता."

मी गिळली. घसा सोलवटल्यासारखा झाला. बाहेर पाणी हललं, मग शांत झालं.

"अक्का," मी जरा वेळाने विचारलं, "आणि तिसरी इली तर?"

"तिसऱ्येक मी ओ देतलंय," ती म्हणाली. "तू मधी तोंड घालू नको, बाबल्या. येकदा घातलंस तां पुरे."

तेव्हापासून रोज दिवेलागणीला आम्ही दोघं पडवीत बसतो. दोन हाका येतात, दोन वेळा ती माझं मनगट आवळते, मी गिळतो, आणि मग शर्मिष्ठा चहा आणते. मनगटावर बांगड्यांचे वळ उठले आहेत. परशुराम विचारतो, सर, परत एक गाऱ्हाणा घालूया काय? मी त्याला दारातूनच परत पाठवतो. तिसरी अजून आलेली नाही. अक्का मात्र रोज दुपारी न्हाते आणि चॉकलेटी साडी नेसून बसते.